ऐकण्यातली चूक आणि आकाशातली अक्षरे

१२ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दिल्लीच्या विमानतळावरून सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ दहरान आणि जिद्दाच्या दिशेने निघाले. विमानात ३१२ माणसे होती. त्यातले बरेच जण आखाती देशांत रोजगारासाठी निघालेले. त्याच वेळी कझाकस्तानच्या चिमकेंत शहराहून आलेले इल्युशिन-७६ हे विमान ३७ जणांना घेऊन दिल्लीकडे उतरत होते. काही मिनिटांत हरियाणातल्या चरखी दादरी गावाच्या आकाशात दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे मरण पावली, कुणीही वाचले नाही. हवेत झालेल्या टकरींमध्ये याहून मोठी मनुष्यहानी आजवर झालेली नाही.

आपल्याकडे आखाताशी नाते नसलेले मुस्लिम कुटुंब सापडणे कठीण. कोकणात तर घराआड एक माणूस दुबई, मस्कत, कुवेत किंवा दम्मामला. त्यामुळे चरखी दादरीचे नाव आपल्या पिढीला आठवते ते आखाताच्या विमानाचा अपघात म्हणून. पण या अपघाताचा अहवाल वाचला, की लक्षात राहते ती वेगळीच बाब. ती आहे भाषेची.

चौकशी आयोगाचे काम न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्याकडे होते. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी होती. दोघांमध्ये हजार फुटांचे अंतर राहणार होते. नियंत्रकाने कझाक वैमानिकांना समोरून येणाऱ्या विमानाची माहिती दिली, ते किती मैलांवर आहे तेही सांगितले, त्याची उंचीही सांगितली. तरीही कझाक विमान १५ हजारांच्या खाली उतरले. आयोगाने जी कारणे नोंदवली त्यात पहिले होते इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि त्यामुळे सूचनांचा चुकीचा अर्थ लागणे. त्या विमानात रेडिओवर बोलण्यासाठी वेगळा माणूस होता. तो वैमानिकांच्या मागे बसायचा आणि उंची पाहायला त्याच्यासमोर स्वतःचे यंत्रही नव्हते. एकाने ऐकायचे, दुसऱ्याला सांगायचे, तिसऱ्याने विमान चालवायचे. हजार फुटांचा फरक त्या साखळीत कुठेतरी गळून पडला.

इतर कारणेही होती. दिल्लीला तेव्हा असलेल्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, त्याची उंची दिसत नसे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी वाटही एकच होती, कारण आजूबाजूचे बरेचसे आकाश लष्कराच्या ताब्यात होते. तरी मूळ प्रश्न उरतोच. माणसाचे जीवन एका वाक्यावर अवलंबून असेल आणि ते वाक्य खरखरणाऱ्या रेडिओवरून, परक्या भाषेत, घाईत बोलले जाणार असेल, तर ते नीट पोहोचले याची खात्री कशी करायची?

विमान वाहतुकीच्या जगाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले ते म्हणजे लिहून सांगणे. त्या यंत्रणेला सीपीडीएलसी म्हणतात, म्हणजे कंट्रोलर पायलट डेटा लिंक कम्युनिकेशन्स. साध्या मराठीत, नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातला लेखी संवाद. आज आपण मोबाइलवर निरोप पाठवतो तसाच, फक्त त्याचे नियम फार कडक. या लेखी संवादाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो बऱ्याच अंशी आपल्यासारख्या, इंग्रजी ही मायबोली नसलेल्या माणसांचा इतिहास आहे.

ऐकले, पण काय ऐकले?

चरखी दादरी ही पहिली घटना नव्हती. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुके पसरलेले होते. केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमच्या सहवैमानिकाने आपण उड्डाणाच्या बेतात असल्याचे अशा शब्दांत सांगितले, की नियंत्रकाला वाटले विमान जागेवर उभे आहे. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि पुढे थांबायला सांगितले. नेमके त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचे वैमानिक, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, असे सांगत होते. एकाच लहरीवर दोघे एकदम बोलले की रेडिओवर नुसती शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या वैमानिकांना ‘ओके’ स्वच्छ ऐकू आले आणि त्यापुढचे दोन्ही निरोप त्या शिट्टीत बुडाले. ५८३ माणसे गेली. नियंत्रक स्पॅनिश, वैमानिक डच, बोलणे इंग्रजीत.

२५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले. ७३ जण ठार झाले. वैमानिकांनी आपल्याला ‘प्रायॉरिटी’ हवी असे सांगितले होते, ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नव्हता. स्पॅनिश बोलणाऱ्याच्या मनात पहिल्या शब्दाचे वजन पुरेसे होते. न्यूयॉर्कच्या नियंत्रकांच्या लेखी ते तेवढे नव्हते.

रेडिओवरच्या चुका टाळायला एक जुनी पद्धत आहे. नियंत्रकाने सूचना दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन तपासायची. पद्धत चांगली आहे. पण माणूस अनेकदा जे अपेक्षित असते तेच ऐकतो. दिवसभर शेकडो वाक्ये ऐकणाऱ्या नियंत्रकाच्या कानावरून चुकीचा आकडा सहज निसटतो.

समुद्रावर कुणीच ऐकत नसे

लेखी संवादाची यंत्रणा प्रत्यक्षात जन्मली ती मात्र विमानतळांपासून दूर, महासागरांवर. विमानातला नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो. पृथ्वी गोल असल्याने उंचावरच्या विमानाशीही तो साधारण साडेतीनशे-चारशे किलोमीटरपर्यंतच पोहोचतो. रडारचीही तीच गत. त्यापुढे समुद्रावर विमान कुणाला दिसत नाही आणि नेहमीच्या रेडिओवर ऐकूही येत नाही.

मग उरतो एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्ह. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या लहरींवर बीबीसी उर्दू किंवा रेडिओ सिलोन ऐकले त्याच जातीच्या लहरी. वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून त्या हजारो किलोमीटर जातात. पण दिवसा एक लहर चालते, रात्री दुसरी. सूर्यावर वादळ झाले की सगळेच गप्प. आवाज येतो, बुडतो, पुन्हा येतो. अरबी समुद्रावरून आखाताकडे किंवा आफ्रिकेकडे जाणारी विमाने वर्षानुवर्षे अशीच ‘मुंबई रेडिओ’ला हाका मारत गेली.

शिवाय या व्यवस्थेत वैमानिक थेट नियंत्रकाशी बोलत नसे. मध्ये रेडिओ ऑपरेटर असायचा. वैमानिकाने आपली जागा, वेळ आणि उंची सांगायची, ऑपरेटरने ती टंकायची, नियंत्रकाकडे पाठवायची. नियंत्रकाचे उत्तर त्याच वाटेने परत. ‘वर चढू का?’ एवढ्या प्रश्नाचे उत्तर यायला दहा-पंधरा मिनिटेही लागत. विमान नेमके कुठे आहे हे ठाऊक नसल्याने दोन विमानांमध्ये समुद्रावर शंभर सागरी मैलांसारखी अंतरे ठेवावी लागत. चांगल्या उंचीवर जागा थोडी, त्यामुळे अनेक विमाने नको त्या उंचीवर जास्त इंधन जाळत जात.

तारेपासून उपग्रहापर्यंत

विमानातून लेखी निरोप पाठवण्याची सुरुवात कंपन्यांच्या हिशेबासाठी झाली. अमेरिकेतल्या एआरआयएनसी या संस्थेने १९७८ मध्ये एकार्स नावाची पद्धत आणली. विमान फाटकावरून कधी निघाले, जमिनीवरून कधी उठले, कधी टेकले आणि कधी फाटकाशी लागले, या चार वेळा आपोआप कंपनीच्या कार्यालयात पोहोचायच्या. त्याआधी हे सगळे वैमानिक तोंडी सांगत. पगाराचे तास मोजायलाही या नोंदी कामी येत. म्हणजे ज्या तंत्राने पुढे जीव वाचवायला मदत केली, त्याची पहिली नोकरी हजेरीपट भरण्याची होती.

१९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, भविष्यातल्या व्यवस्थेचा विचार करायला एक विशेष समिती नेमली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘फॅन्स’ हा शब्द रूढ झाला. समितीचा निष्कर्ष असा की जमिनीवरच्या रेडिओ आणि रडारवर भिस्त ठेवून महासागर सांभाळता येणार नाहीत. त्यासाठी उपग्रह हवेत आणि आवाजाच्या जोडीला डेटा हवा. १९९१ मध्ये आयकाओच्या परिषदेने ही दिशा मान्य केली. बोइंगने आपल्या ७४७-४०० विमानासाठी फॅन्स-१ ही यंत्रणा तयार केली आणि १९९५ मध्ये क्वांटास कंपनीच्या विमानांतून दक्षिण पॅसिफिकवर ती प्रत्यक्ष कामाला लागली. एअरबसची यंत्रणा त्यामागून आली.

१९९५ हे साल आपल्यासाठी आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबई ते जिद्दा ही हजची जहाजवाहतूक बंद झाली. शतकानुशतके समुद्रावरून जाणारा हाजी आता फक्त विमानाने जाणार होता. जहाजांवरही तेव्हा मोठा बदल चालू होता. मोर्सच्या कटकटीवर निरोप पाठवणारा रेडिओ ऑफिसर उपग्रहाच्या नव्या व्यवस्थेमुळे अनावश्यक ठरत होता, आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून ती व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. कोकणातल्या मुस्लिम दर्यावर्दी घराण्यांनी हा बदल आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. समुद्रावरचा आणि आकाशातला ‘रेडिओवाला’ साधारण एकाच काळात मागे पडला.

हे चालते कसे?

विमान एखाद्या हवाई क्षेत्रात शिरण्याआधी वैमानिक त्या केंद्राचा चार अक्षरी संकेत टाकून ‘लॉग ऑन’ करतो. मुंबईचा व्हीएबीएफ, चेन्नईचा व्हीओएमएफ. केंद्राकडे त्या विमानाचा उड्डाण आराखडा असेल आणि तपशील जुळले, तर जोडणी होते. एका वेळी एकच केंद्र विमानाला हुकूम देऊ शकते. हद्द ओलांडताना जुने केंद्र विमान पुढच्याच्या हवाली करते.

निरोपांचे शब्द आधीच ठरलेले असतात. चढा, उतरा, उंची राखा, अमुक बिंदूकडे थेट जा, अमुक लहरीवर बोला. नियंत्रक त्यातला एक निवडतो आणि आकडा भरतो. विमानात घंटा वाजते, पडद्यावर अक्षरे उमटतात. दोन्ही वैमानिक ती वाचतात आणि उत्तरही ठरलेल्या शब्दांतूनच देतात. ‘विल्को’ म्हणजे समजले आणि तसेच करतो. ‘स्टँडबाय’ म्हणजे थोडे थांबा. ‘अनेबल’ म्हणजे हे जमणार नाही. अनेक विमानांत निरोपातला मार्ग थेट विमानाच्या संगणकात भरता येतो, त्यामुळे आकडे पुन्हा टंकताना होणारी चूक टळते. गरज पडल्यास मोकळ्या शब्दांतही लिहिता येते, पण ते शक्यतो टाळावे असा संकेत आहे.

याच जोडणीवरून विमान आपली जागाही ठराविक वेळाने आपोआप कळवते. त्यामुळे पॅसिफिकवर सुसज्ज विमानांमधले अंतर टप्प्याटप्प्याने ३० सागरी मैलांपर्यंत खाली आणता आले. भारतात चेन्नई, कोलकाता आणि मुंबई या केंद्रांतून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रासाठी ही सोय उपलब्ध झाली. आज मुंबईहून नैरोबीला जाणाऱ्या विमानाचा वैमानिक भर समुद्रावर उंची बदलायची असेल तर बोटाने विचारतो. एचएफ अजून आहे, पण आधारापुरता.

युरोपात कारण वेगळे होते. तिथे रडार भरपूर, पण विमाने इतकी की रेडिओवर बोलायला जागा मिळेना. मास्ट्रिक्टच्या केंद्राने यात पुढाकार घेतला. २००९ च्या युरोपीय नियमाने २८,५०० फुटांवरच्या विमानांना ही यंत्रणा सक्तीची केली. मुदत २०१५ ची होती, पण जोडणी मध्येच तुटण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की ती २०२० पर्यंत ढकलावी लागली.

अक्षरांच्याही चुका

इथवर वाचून वाटेल की लिहिले म्हणजे प्रश्न मिटला. तसे नाही. चरखी दादरीला ही यंत्रणा असती तर अपघात टळला असता, असा दावा मी करणार नाही. विमानतळाजवळ सेकंदासेकंदाला निर्णय लागतात. तिथे निरोप वाचून उत्तर देण्याइतका वेळ नसतो, तिथे आजही आवाजच चालतो. दादरीनंतर भारताने विमानांत टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची केली आणि दिल्लीला उंची दाखवणारे रडार आले, तेच तिथले खरे उपाय होते. आयकाओने इंग्रजीच्या किमान पातळीची अट घातली, त्यामागेही अशा अपघातांचा धडा होता.

लेखी निरोपाची स्वतःची दुखणीही आहेत. ‘अमुक वाजता अमुक उंचीवर चढा’ असा निरोप आला आणि वैमानिकाच्या डोळ्यांनी वेळेचा भाग गाळून फक्त उंची टिपली, असे प्रकार घडले आहेत. विमान वेळेआधीच चढू लागते. म्हणजे कान जसा अपेक्षेप्रमाणे ऐकतो, तसाच डोळाही अपेक्षेप्रमाणे वाचतो. दुसरी गोष्ट, रेडिओवर सगळे एकमेकांचे बोलणे ऐकतात. पुढच्या विमानाला ढगांत हादरे बसले तर मागच्याला आपोआप कळते. लेखी निरोप दोघांतच राहतो, ती सामुदायिक जाण नाहीशी होते.

आणि यंत्रणा शेवटी कागदपत्रांवर चालते. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला जाणारे विमान अटलांटिकमध्ये कोसळले, २२८ जण गेले. त्याआधी वैमानिकांनी डकार केंद्राशी डेटा जोडणीचा तीनदा प्रयत्न केला होता. तीनही वेळा ती नाकारली गेली, कारण डकारच्या संगणकात त्या विमानाचा उड्डाण आराखडाच नव्हता. अपघाताचे कारण ते नव्हते, ते वेगमापक गोठण्यात आणि त्यानंतरच्या हाताळणीत होते. पण विमान बुडाले तेव्हा नियंत्रकांना ते कुठे आहे हे ठाऊक नव्हते. शोधाला दिशा मिळाली ती विमानाने शेवटच्या काही मिनिटांत कंपनीला आपोआप पाठवलेल्या २४ एकार्स निरोपांमुळे आणि त्याआधीच्या स्थाननोंदीमुळे.

८ मार्च २०१४ ला मलेशियाचे एमएच-३७० बेपत्ता झाले. २३९ माणसे होती. आवाज थांबला, निरोप थांबले. तरी विमानातले उपग्रह यंत्र पुढे काही तास उपग्रहाशी अधूनमधून नुसती ओळख पटवत राहिले. त्यात एकही शब्द नव्हता. त्या मूक नोंदींवरूनच शास्त्रज्ञांनी विमान हिंदी महासागराच्या दक्षिणेला गेल्याचे गणित मांडले. विमानाचे काही तुकडे किनाऱ्यांना लागले, पण ज्यांची माणसे गेली त्यांना कबरीची जागा अजून मिळालेली नाही.

जमणार नाही, हे लिहिण्याचा हक्क

या साऱ्या इतिहासात मला एक छोटा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे ‘अनेबल’. तेनेरीफच्या केएलएम विमानात समोरची धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानापुढे ती टिकली नाही. रेडिओवर परक्या उच्चारात, मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणे अवघड असते. आखातात साहेबाच्या इंग्रजीपुढे मान डोलावून आलेल्या आपल्या कुठल्याही भावाला विचारा. समजले नाही तरी ‘येस सर’ म्हणायची सवय माणसाला लागते, आणि ती सवय जीवघेणी ठरू शकते.

लेखी यंत्रणेने निदान एका ठिकाणी हे बदलले. समोर अक्षरे आहेत, पुन्हा वाचता येतात, शेजाऱ्याला दाखवता येतात. उच्चारावरून कुणी कुणाला कमी लेखू शकत नाही. नकाराचा शब्द होकाराइतकाच अधिकृत आहे, एका बटणावर आहे, आणि पाठवला की त्याची वेळेसकट नोंद राहते. अपघातानंतर सगळा दोष मेलेल्या वैमानिकावर किंवा सर्वांत खालच्या कर्मचाऱ्यावर ढकलायची जगभर रीत आहे. कोण काय म्हणाले याची लेखी नोंद असली की ते तितके सोपे राहत नाही.

चरखी दादरीच्या शेतांत त्या रात्री बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि कुठल्या कुठल्या गावांची माणसे पडली होती. त्यांच्या कामाच्या करारावर काय लिहिले आहे हे त्यातल्या कितींना वाचता आले असते, कोण जाणे. विमान वाहतुकीने आपल्या माणसांसाठी नीट समजेल असे लिहायचे, उत्तराची वाट पाहायची आणि नकार ऐकून घ्यायचा हे नियम केले. त्या विमानांतून जाणाऱ्या कामगारांना जमिनीवर उतरल्यावर तेवढे अजून मिळायचे आहे.